रेंज गेली की बॅटरी बसली?

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर ‘सर्व्हिस इंजिनिअर’ असं छापलंय. आई मात्र नातेवाइकांना ‘ती नदीची मीटरं बघते’ असं सांगते, आणि तेच जास्त बरोबर आहे. नऱ्ह्यात आमचं छोटं वर्कशॉप आहे. नदी-ओढ्यांची पातळी, पाऊस, टाक्यांतलं पाणी मोजणारी यंत्रं आम्ही बसवतो आणि नंतर वर्षानुवर्षं त्यांच्या मागे फिरतो. यंत्र म्हणजे काय, तर एक सेन्सर, आकडे साठवून ठेवणारा लॉगर, ते मोबाइल नेटवर्कवरून पाठवणारा मोडेम, १२ व्होल्टची सीलबंद बॅटरी, सोलर पॅनल आणि हे सगळं कोंबलेली एक पेटी. जिथे रोज जाऊन बघायला माणूस नाही अशाच ठिकाणी ही पेटी लागते. त्यामुळे ती गप्प झाली की का गप्प झाली हे सांगायलाही तिथे कोणी नसतं.

पुणेकरांना आकड्यांचं महत्त्व वेगळं सांगायला नको. खडकवासल्यातून विसर्ग वाढला, भिडे पूल पाण्याखाली गेला, की सगळे ग्रुप खणखणायला लागतात. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हापासून तर आमच्या सोसायटीतले आजोबासुद्धा क्युसेकमध्ये बोलतात. पण खडकवासल्यात येणारं पाणी येतं वरून : अंबी नदीवरचं पानशेत, मोसे नदीवरचं वरसगाव, मुठेवरचं टेमघर आणि त्यांच्याही मागचे डोंगर. तिथला पाऊस आणि तिथल्या ओढ्यांची पातळी वेळेवर कळली तर खाली थोडा अवधी हाताशी राहतो. ज्यांच्या घरात १२ जुलै १९६१ ची, पानशेत फुटल्याची गोष्ट अजून सांगितली जाते, त्यांना हे पटवावं लागत नाही.

नेमका ज्या महिन्यांत आकडा हवा असतो, त्याच महिन्यांत यंत्र हटकून बंद पडतं. आणि बंद पडलं की क्लायंटचा फोन येतो तो एकाच निदानासकट : “मॅडम, तिकडे रेंज नाहीये.”

असेलही. घाटात रेंजची बोंब असतेच. पण बॅटरी, सैल वायर, गंजलेला फ्यूज, चुकीचं सेटिंग, यातलं काहीही झालं तरी ऑफिसातल्या स्क्रीनवर दिसतं ते एकच : ‘डेटा आला नाही’. स्क्रीनला वेगळं काही दाखवताच येत नाही. म्हणून गाडी काढण्याआधी मी खाडे बघते. शाळेत मुलगा कुठल्या वारी गैरहजर असतो त्यावरून कारण कळतं ना, तसंच आहे हे.

पहिला प्रश्न : मधला डेटा नंतर आला का? लॉगर आकडे आपल्या पोटात साठवून ठेवतो आणि मोडेम जोडला गेला की साचलेले सगळे एकदम पाठवतो. म्हणजे रात्रभर गप्प राहून सकाळी दहाला आदल्या रात्रीचे सगळे आकडे आले, तर लॉगर जिवंत होता, फक्त बोलू शकत नव्हता. भोक तसंच राहिलं, कधीच भरलं नाही, तर लॉगरच मेला होता; तिथे अँटेनाकडे बघण्यात अर्थ नाही. आणि मधल्या काही नोंदींवर १ जानेवारी २००० अशी तारीख दिसली, तर वीज पूर्ण गेली होती आणि आतल्या घड्याळाचा नाण्याएवढा सेलही संपलाय.

दुसरा प्रश्न : वेळ कुठली? पहाटे गप्प आणि ऊन आल्यावर सुरू, तर बॅटरीची बाजू. एप्रिलमध्ये दुपारी दोन ते चार गप्प, तर पेटी तापतेय. रोज संध्याकाळी सात ते दहा अडखळत असेल, तर सगळं गाव त्या एकाच टॉवरवर व्हिडिओ बघतंय. वीज गेल्यावर लगेच नाही, पण काही तासांनी गप्प होत असेल, तर टॉवरचीच बॅटरी उतरलीय आणि डिझेल टाकायला कोणी पोचलेलं नाही. मुख्य वीजपुरवठ्यावर चालणारं यंत्र फक्त गुरुवारी खाडा करत असेल, तर मी हसते आणि फोन ठेवते. पुण्यात गुरुवार म्हणजे दुरुस्तीचा वार.

तिसरा : शेजारी काय करतायत? त्याच टॉवरवरची आमची दुसरी पेटी असेल तर ती बोलतेय का? दोन्ही एकदम गप्प झाल्या तर दोष आपल्या घरात नाही.

एवढं झालं की बऱ्याचदा जाण्याआधीच सोबत काय न्यायचं ते कळतं. पण प्रत्येक वेळी नाही. मोसे खोऱ्यातलं एक स्टेशन या तिन्ही प्रश्नांना पुरून उरलं, म्हणून त्याच्याबद्दल सविस्तर लिहिते.

ओढ्यावर एक साकव आहे, त्याच्या कठड्याला रडार सेन्सर. तो खाली पाण्याकडे तोंड करून अंतर मोजतो. जुलैचा मध्य. रोज पहाटे दोन ते चारच्या दरम्यान कधीतरी डेटा थांबायचा आणि साडेनऊ-दहाला साचलेला सगळा यायचा. भोक भरत होतं, म्हणजे लॉगर जिवंत. लॉगर दर पंधरा मिनिटांनी स्वतःच्या बॅटरीचं व्होल्टेजही नोंदवतो, तेही पहाटेचं १२.२ दिसत होतं. भरलेली नाही, साधारण अर्धी म्हणा, पण मेलेलीही नाही. मग उरलं काय, रेंज. क्लायंटने तर मोठ्या यागी अँटेनाची (एकाच दिशेला रोखायची काड्यांची अँटेना) आणि तिच्यासाठी उंच खांबाची मागणीही पाठवून दिली.

मला खटकलं ते दुसरंच. गप्प होण्याआधीच्या शेवटच्या मेसेजमध्ये सिग्नलचा आकडा १७ होता. मोडेम सिग्नल ० ते ३१ या मोजपट्टीवर सांगतो. ० म्हणजे उणे ११३ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) किंवा त्याहून कमी, पुढच्या प्रत्येक अंकाला २ डीबीएम मिळवत जायचं. १७ म्हणजे उणे ७९. घाटात एवढा सिग्नल म्हणजे चैन. दहाच्या खाली गेला की मी काळजी करते. आणि ज्याला धापा टाकायला हव्या होत्या तो मोडेम शेवटच्या मेसेजपर्यंत ठणठणीत बोलत होता आणि मग एकदम गप्प. रेंज जाते तेव्हा असं होत नाही. आकडा आधी १४, ९, ६ असा घसरतो, मेसेज दोन-दोनदा येतात, काही अर्धवट येतात.

साकवापलीकडच्या वाडीत एक मामा राहतात. त्यांना सकाळी सातला फोन केला. पेटीच्या दाराला काच आहे, आतले दिवे बाहेरून दिसतात.

“मामा, काचेतनं बघा बरं. दिवे लागलेत का?”

“बारक्या डब्याचा लागतोय. लुकलुक करतोय.”

“आणि शेजारच्या काळ्या डब्याचा? अँटेनाची वायर लागलीये त्याचा?”

“न्हाई ताई. तो निजलाय.”

इथे रेंजचा विषय संपला. रेंज नसलेला मोडेम अंधारात बसत नाही. तो टॉवर शोधत राहतो आणि दिवा मिचकावत राहतो. दिवाच नाही म्हणजे त्याला कोणी वीज देत नाहीये. (मामा त्याच साकवावरून माझ्याशी मोबाइलवर बोलत होते, हाही एक पुरावाच. पण त्यांचं सिम दुसऱ्या कंपनीचं असू शकतं, म्हणून त्यावर मी विसंबत नाही.)

आता आमच्या लॉगरमध्ये एक सोय आहे. त्याच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज ११.२ च्या खाली गेलं की तो मोडेमची वीज तोडतो, आणि १२.६ च्या वर आल्याशिवाय परत देत नाही. बॅटरी पार रिकामी होऊन खराब होऊ नये, मोजमाप तरी चालू राहावं, म्हणून. चांगली सोय आहे. पण नोंदीत १२.२ दिसत असताना ही सोय का चालते? म्हणून गेले.

पोचले तेव्हा ढगातूनही थोडं चार्जिंग चालू होतं, त्यामुळे सगळं आलबेल. दिवसा गेलं की हा घोळ असतोच : आजार रात्रीचा आणि डॉक्टर दुपारी. आधी पॅनलची वायर काढली आणि चहा प्यायला वाडीत गेले. बॅटरीला थोडा वेळ निवांत बसू द्यावं लागतं, नाहीतर चार्जिंगचा वरवरचा फुगवटा मीटरला फसवतो. परत येऊन बॅटरीला मल्टिमीटर लावला, १२.३ व्होल्ट. मग तोच लॉगरच्या टर्मिनलला लावला, तिथेही १२.३. मग लॅपटॉपवरून मोडेमला ‘आत्ता पाठव’ म्हटलं. आकडा ११ वर आला आणि खट्‌, मोडेमचा दिवा गेला. दोन सेकंदांत मीटर परत १२.३. जणू काही झालंच नाही.

पहाटेच्या नोंदीत १२.२ का दिसायचं ते इथे कळतं. लॉगर व्होल्टेज मोजतो ते पंधरा मिनिटांच्या ठोक्याला, मोडेम झोपलेला असताना. ओझं नसताना. पाठवतानाचा खड्डा त्याच्या नोंदीत येतच नव्हता.

आता तेच परत, पण मीटर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर. (आधी लॅपटॉपवरून ती ११.२ ची मर्यादा तात्पुरती खाली आणली, नाहीतर तो दर वेळी वीज तोडून मोकळा होतो.) पाठवताना बॅटरी फक्त १२.१ पर्यंत उतरली. म्हणजे बॅटरी निर्दोष. तिच्यापासून लॉगरपर्यंतच्या दीड हात वायरीत एक व्होल्टच्या वर कोणीतरी खात होतं. मग एकेक सांधा घ्यायचा. मीटरची एक पिन सांध्याच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि पाठव. थिंबल (वायरीच्या टोकाला बसवलेलं धातूचं टोपण) : ०.०३. पॅनलकडून बॅटरीत जाणारा करंट सांभाळतो त्या चार्ज कंट्रोलरचा स्क्रू : ०.०५. फ्यूज होल्डर : ०.९.

होल्डर उघडला. काचेचा फ्यूज एकदम ठीक. ज्या स्प्रिंगवर तो टेकतो तिच्या टोकाला मात्र हिरवा कीट चढलेला आणि भोवतीचं काळं प्लॅस्टिक जरा तपकिरी, चकाकी गेलेलं. गरम होऊन गार, गरम होऊन गार, असं झाल्याची खूण. पेटीच्या तळाला वायर आत येते तिथला ग्लँड सैल होता, त्यातून मोसेचं धुकं वर्षभर आत येत होतं. आमच्यातल्या बऱ्याच पोरांनी इथे मीटर बीपवर लावला असता, बीप वाजला असता, आणि ‘फ्यूज ओके’ म्हणून दार लावलं असतं. बहुतेक मीटरचा बीप वीस-तीस ओहमपर्यंतच्या अडथळ्याला सुद्धा वाजतो. इथे भानगड होती जेमतेम एका ओहमची. एक ओहम म्हणजे मोडेम जेव्हा ०.९ अँपियर ओढतो तेव्हा ०.९ व्होल्ट गेले. बीपला ते ऐकूच येत नाही.

आणि हाच ओहम दुसऱ्या बाजूनेही चोरी करत होता. दिवसा चार्जिंगचा करंट त्याच होल्डरमधून बॅटरीत जातो. कंट्रोलरला त्याच्या बाजूला १४.४ दिसले की त्याला वाटतं बॅटरी भरत आली, तो हात आखडता घेतो. प्रत्यक्ष बॅटरीला तेव्हा १३.६ च पोचत असतात. म्हणून ती कायम अर्धपोटी. रात्रीचं १२.२ हेही त्याच होल्डरचं देणं.

नवा होल्डर, गाडीत असतो तसा चपट्या फ्यूजचा, नीट दाबून बसवलेल्या (क्रिम्प केलेल्या) थिंबल आणि वर गरम केल्यावर आवळणारी हीट-श्रिंक नळी. पुण्यातल्या इलेक्ट्रिकल सामानाच्या तपकीर गल्लीत हे सगळं मिळून एका मिसळीच्या पैशांत येतं. सोबत लॉगरचं सेटिंग बदललं : दर पाठवणीच्या वेळचं किमान व्होल्टेजही नोंदव. ही एक ओळ आता मी प्रत्येक स्टेशनला घालते. निवांत व्होल्टेज आणि पाठवतानाचं किमान व्होल्टेज यांच्यातला फरक महिनोन्‌महिने बघत राहिलं की सांधे गंजताना ऑफिसात बसून दिसतात.

जुन्या टूजी मोडेमना तर हा खड्डा मीटरवरही धड दिसत नाही. जीएसएमचा, म्हणजे टूजीचा, मोडेम सलग बोलत नाही, दर ४.६ मिलिसेकंदांनी जेमतेम अर्धा मिलिसेकंद बोलतो, पण त्या अर्ध्या मिलिसेकंदात स्वतःच्या चार व्होल्टच्या वायरीतून २ अँपियरपर्यंत ओढतो. सेकंदाला दोन-तीनदा आकडा बदलणारा मीटर त्याची सरासरी काढून ‘सगळं ठीक’ म्हणतो. अशा वेळी क्षणाक्षणाचं व्होल्टेज आलेखात दाखवणारा हातातला छोटा ऑसिलोस्कोप हवा, किंवा मोडेमच्या अगदी पायाशी एक मोठा कपॅसिटर लावून फरक पडतो का बघायचं. माझ्या बॅगेत याच्यासाठी एक जुना ट्रान्झिस्टर रेडिओ पण असतो. टूजी मोडेम पाठवायला लागला की रेडिओत ‘टिक टिक टिर्रर्र’ येतं. पूर्वी मोबाइल वाजायच्या आधी टेपरेकॉर्डर टिरटिरायचा, तोच आवाज. टिरटिर सुरू होऊन मध्येच तुटली, थोड्या वेळाने परत पहिल्यापासून सुरू झाली, तर मोडेम बोलता बोलता मरतोय. ऑफिसातली नवी मुलं हसतात. हसू देत.

सगळं पॉवरवर ढकलते असं वाटायला नको. रेंजची खरी दुखणी असतात, पण तीही बहुतेक वेळा टॉवरची नसून आपल्याच वायरीची असतात. नवी अँटेना घ्या म्हणणाऱ्यांना मी आधी विचारते, वायर किती लांब आहे आणि कुठली? आरजी-५८ नावाची बारीक केबल ९०० मेगाहर्ट्झला दहा मीटरमध्ये साधारण ५ डेसिबल खाते, १८०० ला आणखी जास्त. ३ डेसिबल गेले की सिग्नल निम्मा. म्हणजे खांबावर ९ डेसिबलची महागडी अँटेना चढवायची आणि तिची अर्ध्याहून जास्त कमाई वायरीत घालवायची. त्यापेक्षा पेटीच खांबावर वर सरकवली आणि वायर दोन मीटर ठेवली तर काम फुकटात होतं. मोसेच्या स्टेशनला तर मुळात १७ होता, तिथे खांब उभा करून १९ झाला असता आणि फ्यूज होल्डर तसाच राहिला असता.

पावसातच जाणारी आणि ऊन पडल्यावर दोन दिवसांनी परत येणारी रेंज म्हणजे अँटेनाच्या कनेक्टरात पाणी. टॉवरपासूनच्या लहरी पावसाने एवढ्या अडत नाहीत. कनेक्टरात शिरलेलं पाणी अडवतं. केबल पेटीत घेताना खाली झोल देऊन मग वर आत घ्यायची, म्हणजे पाणी झोलावरून खाली गळतं, आत उतरत नाही. आणि कनेक्टरवर नुसती काळी इन्सुलेशन टेप गुंडाळायची नाही, ती एका पावसाळ्यात सुटते; आपली आपल्यालाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप मिळते ती ताणून लावायची.

फोरजीमध्ये आणखी एक गंमत आहे. सिग्नल दणदणीत दिसतो आणि डेटा जात नाही, कारण दोन टॉवर एकमेकांवर बोलतायत. तिथे सिग्नलची ताकद न बघता सिग्नल आणि गोंगाट यांचं प्रमाण बघायचं. अशा ठिकाणी मोठी अँटेना लावली तर गोंगाटही मोठा होतो. दिशा बदलून, डोंगराची आड घेऊन, एका टॉवरकडे पाठ केली की सुधारतं. गोंगाटावरून आठवलं : नारायणगावजवळ खोडदला आणि आजूबाजूला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातल्या अतिशय क्षीण रेडिओलहरी ऐकत बसलेल्या असतात. जुन्नर बाजूला काम निघालं की तिथे प्रश्न उलटा असतो, आपल्या यंत्राच्या बडबडीचा त्यांना त्रास होईल का हा.

शहरातली दुखणी निराळी. कोथरूडच्या एका सोसायटीत गच्चीवरच्या टाकीची पातळी खाली पंपरूममध्ये यायची ती सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी सहानंतर हमखास वेडीवाकडी. टाकी ४० टक्के, मग एकदम ०, मग ६५. खाड्यांची वेळ बघितली तेव्हाच अंदाज आला : हा लिफ्टचा टाइमटेबल आहे. कोणीतरी सेन्सरची आरएस-४८५ ची (आकडे पाठवायची) वायर सोयीची वाट म्हणून लिफ्टच्या मोटरच्या केबलला बांधून खाली आणली होती, तीही साधी, पीळ नसलेली. पिळाची शिल्डेड (धातूचं वेष्टण असलेली) केबल वेगळ्या डक्टमधून आणली, शिल्ड एकाच टोकाला अर्थिंगला जोडलं, दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावले. संपलं.

मला सगळ्यात भीती वाटते ती गप्प बसणाऱ्या यंत्राची नाही, चुकीचं बोलणाऱ्या यंत्राची. एका नाल्यावर पाण्यात सोडलेला प्रेशर सेन्सर होता, दोन वायरींचा, ४ ते २० मिलिअँपियरवाला. ४ म्हणजे पाणी शून्य, २० म्हणजे पूर्ण दहा मीटर. ४ पासून सुरुवात करतात ती एवढ्यासाठी की वायर तुटली तर ० येतो आणि ‘पाणी शून्य’ आणि ‘वायर तुटली’ यांत गल्लत होत नाही. हे स्टेशन कधीच खाडा करत नव्हतं. तक्रारही कोणाची नव्हती. मी सहज जुने आलेख चाळत होते, तर एका पावसाळी रात्री पाणी वाढत वाढत साडेचार मीटरला गेलं आणि तिथे पट्टीने रेघ मारल्यासारखं सपाट झालं. तीन तास सपाट. मग उतरलं. पूर कधी सपाट नसतो.

हिशेब असा. या सेन्सरला स्वतःला चालायला किमान ९ व्होल्ट लागतात. लॉगरमध्ये करंट मोजायला २५० ओहमचा रेझिस्टर. दोघं एकाच माळेत. दिवसा बॅटरी १३.५ असते, तेव्हा रेझिस्टरच्या वाट्याला साडेचार व्होल्ट येतात, म्हणजे जास्तीत जास्त १८ मिलिअँपियर. पाणी पावणेनऊ मीटरपर्यंत बरोबर दिसतं. रात्री बॅटरी ११.८ वर आली की वाट्याला २.८ व्होल्टच उरतात, म्हणजे ११.२ मिलिअँपियर, म्हणजे साडेचार मीटर. पाणी त्याच्यावर कितीही गेलं तरी सेन्सरला जास्त करंट ढकलायला जागाच नाही. जिथे पूर खरा सुरू होतो तिथे हा ‘साडेचार’ म्हणून थांबणार, तेही रात्रीच, आणि सिग्नल, डेटा, दिवे सगळं व्यवस्थित. दुपारी जाऊन तपासलं तर काही सापडणार नाही, कारण दुपारी १३.५ आहेत आणि पाणीही दीड मीटर आहे. २५० च्या जागी १०० ओहम बसवला आणि लॉगरमध्ये गुणक बदलला. आता ११.८ लासुद्धा २० मिलिअँपियरला २ व्होल्ट जातात आणि सेन्सरला ९.८ उरतात. दोन वायरींचा सेन्सर आणि १२ व्होल्टची बॅटरी अशी जोडी जिथे जिथे आहे तिथे हा हिशेब एकदा कागदावर करून बघाच. स्टेशन सुरू करताना पाणी नसतं, म्हणून हा दोष उद्‌घाटनाच्या दिवशी दिसत नाही.

बॅटरीचाही असाच कागदावरचा हिशेब असतो. आमचं स्टेशन सरासरी ६० मिलिअँपियर खातं, म्हणजे दिवसाला सुमारे १.४ अँपियर-तास. २० वॅटचं पॅनल उन्हाळ्यात हे हसत हसत देतं. जुलैच्या घाटात दिवसभराचा मिळून तासाभराच्या उन्हाएवढाच उजेड मिळाला, तर १.१ च येतात. रोज ०.३ ची तूट. १८ अँपियर-तासांची बॅटरी निम्मी व्हायला महिना लागतो. म्हणून जूनभर बिनबोभाट चाललेलं स्टेशन जुलैअखेरीस, ऐन पाण्यात, मान टाकतं. त्यात रेंज कमजोर असेल तर मोडेम जास्त ताकदीने बोलतो, परत परत पाठवतो, जागाच राहतो. सरासरी ६० वरून १५० वर गेली की महिना दूर, चार दिवसांत निकाल. तेव्हा ‘रेंज की बॅटरी’ या प्रश्नाचं उत्तर ‘रेंजमुळे बॅटरी’ असंही असतं. मी अशा ठिकाणी लॉगरला सांगून ठेवते : व्होल्टेज १२ च्या खाली गेलं की दर पंधरा मिनिटांऐवजी तासाला एकदा पाठव, पण पाणी झपाट्याने चढत असेल तर हा नियम सोडून दे.

मे महिन्यात आमची स्टेशनं फिरून होतात. पॅनलवरची कबुतरांची कृपा धुवायची, वाढलेली जांभळीची फांदी मामांना विचारून छाटायची, पर्जन्यमापकाच्या नळीत कुंभारमाशीने घर केलंय का बघायचं, मुंग्यांना पेटीबाहेर काढून ग्लँड आवळायचे. बॅटरीला मोटरसायकलच्या हेडलाइटचा ३५ वॅटचा बल्ब लावून दहा मिनिटं बघायचं, १२.७ दाखवणारी बॅटरी बल्ब लावल्या लावल्या ११ ला आली तर तिला घरी आणायचं, तारीख काहीही असो. बंद पेटी मेमध्ये आतून भट्टी होते आणि सीलबंद बॅटरीचं आयुष्य दर दहा अंशांना निम्मं होतं, असा ढोबळ नियम आहे. म्हणून ती पेटीच्या तळाला, सावलीच्या बाजूला.

मोसेच्या क्लायंटने यागी अँटेना शेवटी घेतलीच, बजेट मंजूर झालं होतं म्हणून. सिग्नल १७ चा १९ झाला. पेटी आधीच रात्रभर बोलत होती, ती तशीच बोलतेय.